वाचकांचे प्रश्न : डीजेच्या टेबलावरची घरघर

या वेळचे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून घूंऽऽ येतं, किंवा चिर्रर्र, किंवा टकटक. उत्तरांत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आपला पुरवठा गृहीत धरला आहे. मीटरने बोर्ड तपासायची सवय नसेल, तर ते काम वायरमनकडून करून घ्या.

प्रश्न : यूएसबीवर चालणारा दोन डेकचा कंट्रोलर आहे, त्याला फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या गोल टोकांचं) आउट. तिथून दोन पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प असलेले) स्पीकर. लॅपटॉप बॅटरीवर असला की आवाज स्वच्छ. चार्जर लावला की बारीक चिर्रर्र सुरू होते, आणि स्क्रीनवर वेव्हफॉर्म सरकताना तिचा सूर बदलतो. चार्जर बदलून पाहिला, फरक नाही. (बार्शी)

उत्तर : फरक पडणार नव्हताच. बिघाड चार्जरचा नाही, जोडणीचा आहे. तीन पिनांच्या पुष्कळ लॅपटॉप चार्जरमध्ये डीसी बाजूची मायनस आतून अर्थ पिनेला जोडलेली असते. तुमच्या स्पीकरलाही अर्थ आहे. त्यामुळे लॅपटॉपच्या मायनसला भिंतीतल्या अर्थपर्यंत जायला दोन वाटा मिळतात. एक चार्जरमधून सरळ जाते. दुसरी यूएसबी केबल, कंट्रोलर, आरसीएची जाळी (तारेभोवतीचं विणलेलं धातूचं आवरण) आणि स्पीकर असा वळसा घेते. प्रोसेसर आणि ग्राफिक्सवरचा भार सतत बदलत असतो, त्याबरोबर मायनसमधला करंट बदलतो, आणि त्यातला थोडासा या वळशाने जातो. आरसीए केबलमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची तार. तिच्यावर पडलेला प्रत्येक मिलिव्होल्ट स्पीकरच्या दृष्टीने गाण्याचाच भाग. बॅटरीवर चालवताना चार्जरची वाट तुटते, वळसा उरत नाही, म्हणून शांतता.

हा आकडा किती लहान असतो ते पाहा. आरसीए आउटची नेहमीची पातळी साधारण ०.३ व्होल्ट. जाळीच्या दोन टोकांमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक पडला तरी घरघर गाण्याच्या जेमतेम ३६ डेसिबल खाली राहते. ड्रॉपच्या (ठेका जोरात परतण्याच्या) आधी संगीत थांबतं तेव्हा ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल.

काही विकत घेण्याआधी निदान पक्कं करा. प्रत्येक वेळी केबल काढण्यापूर्वी स्पीकरचा आवाज शून्यावर आणा, नाहीतर ठपकन आवाज होऊन ट्वीटर जाऊ शकतो. आरसीए केबल कंट्रोलरच्या टोकाला काढा आणि मोकळ्या पिनांना हात न लावता ऐका. तरीही चिर्रर्र आली तर दोष केबल, स्पीकर किंवा बोर्डात आहे, लॅपटॉपचा संबंध नाही. थांबली तर केबल तशीच सुटी ठेवून, चार्जर लावलेला असताना कंट्रोलरच्या हेडफोनमध्ये ऐका. हेडफोन स्वच्छ असेल तर वर सांगितलेला वळसाच कारणीभूत आहे. हेडफोनमध्येही तीच चिर्रर्र असेल तर घाण यूएसबीच्या ५ व्होल्टमधून कंट्रोलरच्या आत शिरते आहे. मग दुसऱ्या बाजूचा पोर्ट, एक मीटरच्या आतली जाड यूएसबी केबल, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब हे उपाय त्या क्रमाने करून पाहा.

वळसा असेल तर आधी फुकटचा उपाय. चार्जर आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. याने ५० आणि १०० हर्ट्झची घूंऽऽ बरीच उतरते, चार्जरची चिर्रर्र मात्र बहुधा थोडी उरते, कारण वळसा लहान झाला तरी तुटला नाही. तो खरा तुटतो ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने, कारण त्यातून सिग्नल पुढे जातो पण दोन बाजूंच्या तारा जोडलेल्या राहत नाहीत. दोन चॅनेलचा, १:१ गुणोत्तराचा, लाइन पातळीचा डबा घ्या. एआरटी डीटीआयला आरसीए, जॅक आणि एक्सएलआर (माइकच्या केबलचं तीन पिनांचं टोक) तिन्ही तोंडं आहेत. बेरिंजर एचडी४०० लहान आहे, पण त्याला फक्त पाव इंची जॅक, म्हणजे आरसीएचे कन्व्हर्टर वेगळे लागतील. डबा स्पीकरच्या किंवा मिक्सरच्या बाजूला ठेवा आणि त्याच्या पुढची केबल एखाद-दीड मीटरचीच ठेवा. आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात : डब्याला बगल देऊन जाणारी दुसरी जोडणी राहू देऊ नका. माइकसाठी कंट्रोलरमधून मिक्सरला गेलेली एक वेगळी केबल उरली, तर वळसा तिच्यातून पुन्हा पूर्ण होतो.

गाडीच्या टेपसाठी मिळणारे लहान 'ग्राउंड लूप आयसोलेटर' घरी ठीक आहेत. कार्यक्रमाला नकोत. त्यांचा गाभा इतका लहान असतो की मोठ्या पातळीवर बेस आला की तो भरून जातो आणि किक (बेस ड्रमचा ठोका) फाटते. घेण्याआधी दुकानात ४० हर्ट्झचा सूर पूर्ण पातळीवर वाजवून पाहा.

प्रश्न : आमच्याकडचे ऑपरेटर चार्जरची अर्थ पिन तोडतात किंवा तिला टेप गुंडाळतात. आवाज खरंच जातो. मग चूक काय? (लातूर)

उत्तर : आवाज जातो, कारण वळसा तुटतो. पण चुकीच्या जागी तुटतो. उद्या त्याच चार्जरचं आतलं इन्सुलेशन गेलं, तर फेज लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येईल आणि अर्थकडे जायला तुमच्या आरसीएची जाळी किंवा तुमचा हात एवढीच वाट उरेल. केसाएवढ्या तारांची ती जाळी एमसीबी पडेपर्यंत टिकेलच असं नाही. स्पीकर, अ‍ॅम्प किंवा मिक्सरची पिन तोडणं तर याहून वाईट, कारण माइक हातात धरणारा माणूस त्याच अंगाला जोडलेला असतो. पावसाळ्यात ओल्या मंडपात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

नियम असा : वळसा सिग्नलच्या केबलमध्ये तोडायचा, पुरवठ्याच्या केबलमध्ये कधीच नाही. डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डब्यावरचं) 'ग्राउंड लिफ्ट' बटण सिग्नलच्या जाळीला तोडतं, म्हणून ते चालतं. पिन तोडलेले चार्जर आजच बाजूला काढा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा आहे, म्हणजे अर्थचा प्रश्नच नाही. तरी घूंऽऽ येते आणि मनगट लॅपटॉपच्या कडेला टेकलं की झिणझिण्या येतात. मीटरवर लॅपटॉप आणि अर्थ यांच्यात ९० व्होल्ट दिसतात! (डोंबिवली)

उत्तर : घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. दोन पिनांच्या चार्जरमध्ये रेडिओ लहरींचा त्रास दाबायला पुरवठ्याची बाजू आणि डीसी बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो. त्यातून थोडी गळती होते, आणि अर्थ नसल्यामुळे लॅपटॉपचं अंग पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगतं. डिजिटल मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, म्हणून ९० दिसतात. या प्रकारच्या उपकरणाला गळतीची मान्य मर्यादा ०.२५ मिलिअँपियर आहे. झिणझिण्यांना तेवढं पुरतं, इजा करायला नाही. चार्जर बिननावाचा, बीआयएस नोंदणीची खूण नसलेला असेल, तर मात्र या आकड्यांवर भरवसा ठेवू नका आणि तो बदला.

घूंऽऽ का? तुमच्या मांडणीत कुठेच अर्थ नसावी, म्हणून. गळतीचा करंट आरसीएच्या जाळीतून स्पीकरकडे जातो आणि तिथे अर्थ न मिळाल्याने सगळी मांडणीच तरंगते. मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि बोर्ड तपासा. सॉकेटसमोर उभं राहून अर्थचं मोठं भोक वर धरलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल हवी. फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थ जवळपास तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ एक ते तीन व्होल्ट. फेज ते अर्थ १०० च्या आसपास डळमळत असेल तर भोक आहे, त्यामागे तार नाही. जुन्या इमारतींमध्ये हे सर्रास दिसतं. मीटर कधी कधी फसवतो, त्यामुळे खात्रीसाठी फेज आणि अर्थमध्ये दिवा लावून पाहतात, पण ते वायरमनने करायचं काम आहे. आरसीसीबी (गळती दिसताच पडणारा स्विच) असेल तर त्या क्षणी तो पडेल, आणि तो पडणं हीच अर्थ असल्याची खूण.

अर्थ मिळाली की झिणझिण्या आणि बरीचशी घूंऽऽ दोन्ही एकदम जातात.

प्रश्न : आरसीएमधून एक्सएलआर करणारी तयार केबल आणली. पॉवर्ड स्पीकरला 'बॅलन्स्ड' (दोन तारांतला फरकच घेणारं) इनपुट असूनही घरघर जशीच्या तशी. (कोल्हापूर)

उत्तर : टोकाला एक्सएलआर लावल्याने केबल बॅलन्स्ड होत नाही. ते टोपण उघडा. स्वस्त तयार केबलमध्ये आत एकच तार आणि जाळी असते, आणि एक्सएलआरमध्ये पिन १ आणि पिन ३ सोल्डरने जोडून टाकलेल्या असतात. अशा जोडणीत स्पीकरचं बॅलन्स्ड इनपुट आंधळं होतं, कारण जाळीवरची घाण आणि सिग्नलची परतीची तार पुन्हा एकच झाली.

केबल स्वतः करा. दोन तारा आणि जाळी असलेली माइकची केबल, एक आरसीए, एक नर एक्सएलआर. दोन तारा लाल आणि पांढरी धरू. लाल तार आरसीएच्या मधल्या पिनेपासून एक्सएलआरच्या पिन २ ला. पांढरी आरसीएच्या बाहेरच्या कडीपासून पिन ३ ला. जाळी आरसीएच्या कडीपासून पिन १ ला. आरसीएच्या टोकाला पांढरी आणि जाळी एकत्र येतात, एक्सएलआरच्या टोकाला मात्र पिन १ आणि ३ एकमेकींना लागता कामा नयेत. आता अर्थचा उनाड करंट जाळीतून जातो, आणि पांढरी तार कंट्रोलरच्या कडीवर प्रत्यक्ष किती व्होल्ट आहेत ते पिन ३ ला कळवते. स्पीकर पिन २ मधून पिन ३ वजा करतो, घरघर दोन्हींवर सारखी असल्याने वजा होते. अशा केबलने ३० डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो, आणि खर्च एका जेवणाएवढा. ट्रान्सफॉर्मरचा डबा घेण्याआधी हे करून पाहा.

सोल्डर केल्यावर मीटर कंटिन्यूटीवर ठेवून, केबल दोन्ही टोकांना सुटी असताना तपासा. पिन २ चा आवाज फक्त मधल्या पिनेशी, पिन १ आणि ३ चा फक्त कडीशी. (पिन १ आणि ३ एकमेकींशीही वाजतील, कारण आरसीएच्या टोकाला त्या एकत्र आहेत; म्हणून एक्सएलआरच्या आत त्या वेगळ्या आहेत की नाही हे मीटरने नाही, डोळ्यांनी पाहावं लागतं.)

एक पाहणी जाता जाता : स्पीकरच्या मागचं 'माइक/लाइन' बटण लाइनवर आहे ना? माइकवर राहिलं तर इनपुट कितीतरी पट वाढतं आणि जी घरघर एरवी ऐकूही आली नसती ती समोर येते. कंट्रोलरचा मास्टर लाल दिव्याच्या जरा खाली आणि स्पीकरचा गेन मध्यावर, अशी सुरुवात करा. उलट केलं, म्हणजे मास्टर पाव आणि स्पीकर पूर्ण, तर केबलवरचा सगळा कचरा फुगतो.

प्रश्न : मंडपात थ्री फेज जनरेटर. घरी सगळं शांत, तिथे एलईडी पार आणि मूव्हिंग हेड (रंगीत आणि फिरते दिवे) लागले की टॉपमधून (बेसवरच्या स्पीकरमधून) चिर्रर्र. डिमर फिरवला की आवाज बदलतो. (नाशिक)

उत्तर : दिव्यांचे पुरवठे आणि डिमर करंट तुकड्यातुकड्याने ओढतात. त्यातून ५० हर्ट्झच्या पटीतले तीक्ष्ण सूर तयार होतात आणि न्यूट्रल व अर्थच्या तारांवर पसरतात. साउंड आणि लाइट एकाच फेजवर, एकाच लांब एक्स्टेन्शनवर असतील तर ही घाण थेट तुमच्या बोर्डात येते.

साउंडचं सगळं एका फेजवर घ्या : डीजेचं टेबल, मिक्सर, टॉप, बेस. लाइट, पंखे, फुग्याचे ब्लोअर दुसऱ्या फेजवर. टेबल एका फेजवर आणि स्पीकर दुसऱ्यावर असं करू नका, कारण दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि त्या दोन बोर्डांवरच्या वस्तू एका ऑडिओ केबलने जोडलेल्या असतात. साउंडला जनरेटरच्या पॅनेलपासून स्वतंत्र केबल आणा, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तिन्ही तारांची. १६ अँपियरच्या सॉकेटवर २३० ने गुणून ३,६८० वॉट मिळतात. दोन टॉप आणि दोन बेस पॉवर्ड असतील तर सरासरी ओढ त्याच्या बरीच आत राहते, पण बेसच्या धक्क्यांना केबल बारीक पडली की व्होल्टेज खाली जातं आणि लॅपटॉपपेक्षा आधी अ‍ॅम्प रुसतो. एक्स्टेन्शनचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेलं तापतं.

ऑडिओची केबल आणि पुरवठ्याची केबल एकत्र बांधून नेण्याची मंडपात रीतच आहे. बघायला नीट दिसतं, कानाला वाईट. दोन्हींमध्ये किमान फूटभर अंतर ठेवा, ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. टेबलापासून स्पीकरपर्यंत लांब पल्ला नेहमी बॅलन्स्ड एक्सएलआरचा. आरसीए दोन-तीन मीटरपलीकडे नेऊ नका. डीएमएक्सची (दिव्यांना हुकूम देणारी) केबल साउंडच्या एक्सएलआरसारखीच दिसते, म्हणून तिला वेगळ्या रंगाचा टेप लावा. चुकून ती मिक्सरला गेली तर जी चिर्रर्र येईल तिचं कारण शोधण्यात संध्याकाळ जाईल.

आता जनरेटर. त्याचा न्यूट्रल आणि सांगाडा जोडून अर्थ रॉडला नेलेला आहे का, हे जनरेटरवाल्याच्या वायरमनला विचारा. रॉड नसेल तर मंडपातल्या सगळ्या वस्तूंची गळती एकत्र होऊन तुमच्या ऑडिओच्या जाळ्यांवर आणि माइकवर बसते. तीन पिनांच्या उपकरणाला ३.५ मिलिअँपियरपर्यंत गळती मान्य असते, आणि वीस-पंचवीस दिव्यांची बेरीज लहान राहत नाही. न्यूट्रलचं टर्मिनल घट्ट आहे याची खात्री स्विच टाकण्याआधीच करा. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर कमी भाराच्या फेजवर २३० चे साडेतीनशेच्या पुढे जाऊ शकतात, आणि मग घरघर ऐकायला काहीच उरत नाही. मीटर लावून २५० च्या वर दिसलं तर लॅपटॉप लावूच नका.

प्रश्न : टाइमकोड व्हाइनिल (लॅपटॉपमधली गाणी हाताळणारी खास तबकडी) लावलेल्या टर्नटेबलमधून जाड घूंऽऽ येते. हाताने टर्नटेबलला स्पर्श केला की कमी होते. (पुणे)

उत्तर : अर्थची बारीक तार सुटली आहे. टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या टर्नटेबलला आरसीएशिवाय एक वेगळी तार असते. ती मिक्सरच्या किंवा इंटरफेसच्या मागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट करा, दोन्ही टर्नटेबलच्या. सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून इथे थोडी सैल तारही मोठा गोंगाट करते. तरी राहिली तर हेडशेलच्या (सुई बसवण्याच्या टोकाच्या) चार रंगीत तारा काढून पिना पुसून घ्या, आणि टर्नटेबल अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर सरकवा. इनपुट फोनोवर (सुईचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या तोंडावर) आहे की लाइनवर तेही बघा. टर्नटेबलच्या आतच प्रीअ‍ॅम्प असेल आणि मिक्सरही फोनोवर असेल, तर दुहेरी वाढ होऊन घूंऽऽ आणि फाटका आवाज दोन्ही मिळतात.

प्रश्न : यूएसबी आयसोलेटर (यूएसबीच्या दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडणारा डबा) घेतला तर केबल, ट्रान्सफॉर्मर काहीच लागणार नाही का? (ठाणे)

उत्तर : तत्त्वतः वळसा तिथेच तुटतो. व्यवहारात दोन अडचणी. स्वस्त आयसोलेटर एडीयूएम ४१६० किंवा ३१६० चिपवर बनतात आणि १२ मेगाबिटपर्यंतच चालतात. पुष्कळ डीजे कंट्रोलर ४८० मेगाबिटच्या हाय स्पीडवर बोलतात, त्यामुळे ते ओळखले जात नाहीत किंवा मध्येच तुटतात. दुसरी अडचण वीज. अशा बोर्डांतून साधारण २०० मिलिअँपियर मिळतात, यूएसबीवर चालणारा कंट्रोलर ५०० पर्यंत मागतो. पॅड चमकले की कंट्रोलर बंद पडेल, आणि ते नेमकं गर्दीसमोर. साध्या दोन चॅनेलच्या, १२ मेगाबिटच्या साउंड कार्डला हा आयसोलेटर चांगला. कंट्रोलरला घ्यायचाच असेल तर एडीयूएम ४१६५ सारख्या हाय स्पीड चिपचा आणि बाहेरून स्वतंत्र ५ व्होल्ट देता येणारा घ्या. तो महाग पडतो. त्या पैशात दोन चॅनेलचा चांगला ऑडिओ ट्रान्सफॉर्मर येतो, आणि तो लॅपटॉप बदलला तरी चालतो.

प्रश्न : केबलवर फेराइटचं कडं लावायला सांगतात. उपयोग होतो? (सांगली)

उत्तर : रेडिओ लहरींवर होतो. ५० हर्ट्झच्या घूंऽऽ वर नाही. मोबाइलचा टकटक-टर्रर्र आवाज येत असेल तर कड्याआधी मोबाइल मिक्सरपासून मीटरभर दूर ठेवा. तो टूजीच्या प्रक्षेपणाचा असतो, सेकंदाला सुमारे २१७ ठोक्यांचा.

प्रश्न : बॅटरीवरही अधूनमधून झर्रर्र होऊन गाणं फाटतं, मग आपोआप नीट होतं. गाणं थांबवलं की शांतता. (पणजी)

उत्तर : गाणं थांबल्यावर शांतता असेल तर अर्थ, केबल, चार्जर यांपैकी कशाचाही संबंध नाही. लॅपटॉप ठरलेल्या वेळेत पुढचा डेटा देऊ शकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बफर (आधीच तयार ठेवलेला आवाजाचा साठा) पाहा. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६. २५६ वर या, तरी फाटलं तर ५१२. स्क्रॅच करत नसाल तर ११ मिलिसेकंद हाताला जाणवणार नाहीत. विंडोजवर कंट्रोलरच्या कंपनीचा एएसआयओ (ऑडिओसाठीचा कमी उशिराचा) ड्रायव्हर निवडा, विंडोजचा सर्वसाधारण नको. बॅटरीवर गेल्यावर पॉवर सेव्हर आपोआप सुरू होऊ शकतो, तो बंद करून हाय परफॉर्मन्स ठेवा, आणि पॉवरच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

यानंतरही झर्रर्र राहिली तर लेटन्सीमॉन हे मोफत साधन दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते नावानिशी दाखवतं. वायफायचा ड्रायव्हर वर आला तर कार्यक्रमाच्या वेळी वायफाय बंद ठेवा आणि गाणी आधीच डिस्कवर उतरवून घ्या.